विममध्ये कॉपी-पेस्ट साधे कसे करावे? पुसलेला मजकूर उचललेल्या मजकुराची जागा घेतो

अमळनेरची शब्दवेडी (प्रश्न)

नमस्कार. घरातल्या आणि गल्लीतल्या वयस्कर माणसांच्या बोलण्यातले अहिराणी शब्द मी गेल्या पावसाळ्यापासून एका साध्या मजकूर फाइलमध्ये टिपून ठेवत आहे. प्रत्येक ओळीत एक शब्द, मग अपूर्णविराम आणि मग प्रमाण मराठीतला अर्थ, एवढीच तिची मांडणी आहे. संगणक जुना आहे, त्यावर उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, विम हा मजकूर संपादक चालतो. टंकनाची सवय झाली आहे. एस्केप दाबल्यावर, म्हणजे कळा अक्षरांऐवजी आज्ञा होतात तेव्हा, इनस्क्रिप्टवरून (मराठी कळफलकावरून) इंग्रजी कळफलकावर यायचे विसरले की डीच्या जागी हलन्त आणि पीच्या जागी ज जातो, हेसुद्धा आता अंगवळणी पडले आहे. कॉपी-पेस्ट मात्र काही केल्या अंगवळणी पडत नाही.

परवाचेच सांगते. ‘आंडोर : मुलगा’ ही ओळ ‘आंडेर : मुलगी’ या ओळीच्या वर पडली होती आणि वर्णानुक्रमाने ती खाली हवी होती. मी डी-डी दाबून आंडोरची ओळ उचलली, कर्सर आपोआप आंडेरच्या ओळीवर आला, तिथे ‘मुलगी’च्या पुढे एक जादा मोकळी जागा दिसली म्हणून ती एक्सने काढली आणि मग पी दाबले. पडद्यावर काहीच दिसले नाही. कळ नीट लागली नसेल असे वाटून आणखी दोनदा दाबले, तरी काही नाही. मग दुसऱ्या कामाला लागले आणि फाइल जतन करून बंदही केली. ओळीऐवजी तीच मोकळी जागा तीनदा चिकटली होती, हे दोन दिवसांनी ध्यानात आले. यादीतला आंडोर तेव्हापासून बेपत्ता आहे.

दुसरी अडचण अशी की ब्राउझरमध्ये कॉपी केलेला मजकूर पीने येत नाही आणि विममध्ये उचललेला मजकूर मेलमध्ये उतरत नाही. तिसरी अडचण अशी की एखाद्या निवडलेल्या शब्दावर दुसरा शब्द चिकटवला की पुढच्या ठिकाणी तो पुसला गेलेला जुना शब्दच उमटतो. मला फार काही नको. उचललेले तेवढेच चिकटावे आणि पुसलेले निघून जावे, इतके साधे वर्तन विमकडून करून घेता येते का?

भुसावळ जंक्शन

ताई, एका ओळीचे काम आहे. विमच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सेट क्लिपबोर्ड=अननेम्डप्लस’ ही ओळ लिहा, म्हणजे विमचे उचलणे-चिकटवणे आणि बाकी संगणकाचा क्लिपबोर्ड एकच होतील. मी कित्येक वर्षे हेच वापरतो. तिसऱ्या अडचणीसाठी व्हिज्युअल स्थितीतली, म्हणजे मजकूर निवडलेला असतानाची, पी ही कळ ‘अवतरणचिन्ह (दुहेरी), अधोरेखा, डी, मोठा पी’ या क्रमाला जोडून टाका.

देवपूर, धुळे

वरच्या उत्तराशी मी आदरपूर्वक असहमत आहे, कारण त्या एका ओळीने ताईंची दुसरी अडचण सुटेल, पण पहिली जास्त अवघड होऊन बसेल. मूळ दुखणे क्लिपबोर्ड दोन आहेत हे नाही. पुसणे आणि उचलणे या दोन वेगळ्या क्रिया असताना विम त्यांना एकच धरतो, हे खरे दुखणे आहे. अननेम्डप्लस लावल्यावर एक्सने काढलेली मोकळी जागासुद्धा थेट संगणकाच्या क्लिपबोर्डवर जाते. म्हणजे आज फक्त विममधली ओळ हरवते आहे, उद्या ब्राउझरमधून जपून आणलेला परिच्छेदही हरवेल.

असे का होते, हे समजून घेतले तर उपाय पाठ करावा लागत नाही. विम हा ब्रॅम मूलेनार यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याचा मूळपुरुष व्हीआय हा बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास लिहिला. व्हीआयला ना माऊस ठाऊक होता, ना सगळ्या प्रोग्रॅमांचा मिळून एक क्लिपबोर्ड. त्यामुळे जे जे काढले ते हाताशी ठेवावे, न जाणो पुन्हा लागेल, अशी त्याची काटकसरी वृत्ती आहे. ज्या घरात रिकामी बरणीसुद्धा टाकून देत नाहीत, त्या घरासारखे हे आहे.

या बरण्यांना विम रजिस्टर म्हणतो. वायने, म्हणजे जागेवरून न काढता, उचललेला मजकूर शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये जातो. डी-डीने काढलेली पूर्ण ओळ एक क्रमांकात जाते, आणि पुढची ओळ काढली की आधीची दोनमध्ये, मग तीनमध्ये, अशी नऊपर्यंत सरकत राहते. ओळीच्या आतला छोटा तुकडा, म्हणजे तुमची ती मोकळी जागा, उणे चिन्हाच्या रजिस्टरमध्ये पडतो. नुसते पी दाबले की मात्र शेवटी ज्यात भर पडली तेच बाहेर येते. म्हणजे ताई, तुमचा आंडोर त्या क्षणी कुठेही गेला नव्हता, तो एक क्रमांकात शांतपणे बसून होता. ‘अवतरणचिन्ह, एक, पी’ एवढे दाबले असते तर परत आला असता. कोणत्या क्रमांकात काय आहे हे आठवत नसेल तर तेवढेच दाबून, मग यू (केलेले मागे घेणे), मग टिंब (तीच आज्ञा पुन्हा देणे), पुन्हा यू, पुन्हा टिंब असे करत गेल्यास विम दर वेळी पुढच्या क्रमांकाचा मजकूर समोर आणतो. हवी ती ओळ दिसली की थांबायचे.

आता नेहमीसाठीचा उपाय. विममध्ये एक कृष्णविवर रजिस्टर आहे, त्याचे चिन्ह अधोरेखा. त्यात टाकलेले परत येत नाही. एक्स आणि सी (पुसून त्याच जागी नवे लिहायची कळ) या दोन कळा नॉर्मल स्थितीत, म्हणजे एस्केपनंतरच्या स्थितीत, त्या रजिस्टरला जोडा, म्हणजे एक्स दाबल्यावर ‘अवतरणचिन्ह, अधोरेखा, एक्स’ दाबल्याचा परिणाम होईल, आणि सीचेही तसेच. डीला हात लावू नका. डी म्हणजे उचलून दुसरीकडे नेणे, एक्स म्हणजे पुसणे, अशी वाटणी एकदा झाली की बोटे ती चार दिवसांत शिकतात. एक नुकसान होईल: एक्स आणि पी लागोपाठ दाबून दोन अक्षरांची अदलाबदल करण्याची जुनी युक्ती बंद पडेल. मी ती महिन्यातून एकदाही वापरत नाही.

बाहेरच्या क्लिपबोर्डसाठी वेगळ्या कळा ठेवाव्यात, असे माझे ठाम मत आहे. स्पेस आणि वाय दाबल्यावर ‘अवतरणचिन्ह, अधिक, वाय’, आणि स्पेस व पी दाबल्यावर ‘अवतरणचिन्ह, अधिक, पी’. गावातला व्यवहार वेगळा आणि परगावचा वेगळा, हे हाताला कळलेले बरे.

भुसावळच्या भाऊंनी सुचवलेल्या तिसऱ्या उपायात एक खोच आहे. निवडलेला शब्द ओळीच्या अगदी शेवटी असेल तर तो पुसल्यावर कर्सर एक घर मागे सरकतो आणि नवा शब्द एक अक्षर आधी घुसतो. ताईंच्या यादीत अर्थ ओळीच्या शेवटीच येतो, तेव्हा हे रोज घडेल. विम 9 असेल तर काहीच जोडू नका. व्हिज्युअल स्थितीत साध्या पीऐवजी मोठा पी दाबला की उचललेला शब्द तसाच शाबूत राहतो.

भुसावळ जंक्शन

ओळीच्या शेवटची खोच मान्य. माझे काम बहुतेक कोडचे असते आणि तिथे शेवटी अर्धविराम असतो, म्हणून ती कधी जाणवली नसावी. अननेम्डप्लस मात्र मी सोडणार नाही.

शहाद्याहून

हे सगळे करण्याआधी विममध्ये बाहेरच्या क्लिपबोर्डची सोय आहे की नाही ते पाहावे. टर्मिनलमध्ये विमची आवृत्ती विचारली की एक लांबलचक यादी येते. तिच्यात क्लिपबोर्ड या शब्दाआधी उणे चिन्ह असेल तर अधिकचे रजिस्टर चालणारच नाही, मग कळा कशाही जोडा. उबुंटूवर ‘विम-जीटीके3’ हे पॅकेज बसवले की उण्याचे अधिक होते आणि टर्मिनलमधला विम पूर्वीसारखाच चालतो.

आणखी एक गोष्ट, जी कॉपी-पेस्टचीच आहे, पण विमची नाही. ताईंच्या यादीत ‘पोऱ्या’ हा शब्द असणारच. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो: एकात नुक्ता असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच, पण शोधताना एक लिहिले तर दुसरे सापडत नाही. स्वतः टंकलेले एका रीतीचे आणि बाहेरून चिकटवलेले दुसऱ्या रीतीचे, अशी मिसळ झाली की एकच शब्द यादीत दोनदा जातो आणि पत्ता लागत नाही. कर्सर त्या अक्षरावर ठेवून जी-ए दाबले की खाली संकेतांक दिसतो. 0931 असेल तर ऱ, 0930 असेल तर साधा र. कोणतीही एक रीत धरा आणि संपूर्ण फाइलमध्ये दुसरी एकदाच शोधून बदलून घ्या.

अमळनेरची शब्दवेडी

सर्वांचे मनापासून आभार. यादीत खरोखरच उणे चिन्ह होते, पॅकेज बसवल्यावर अधिक झाले. एक्स आणि सी कृष्णविवराला जोडून आज सायंकाळपर्यंत साठ-सत्तर ओळी हलवल्या, एकही चुकीची चिकटली नाही. ‘पोऱ्या’ दोनदा निघाला, आणि ‘बठ्ठा’ही दोनदा निघाला, पण तो माझ्याच विसराळूपणामुळे, त्यात युनिकोडचा दोष नाही. आंडोरची ओळ हातानेच पुन्हा लिहिली.

एकच गोष्ट राहिली. स्पेस-वायने दहा ओळी उचलल्या, विम बंद केला, मेल उघडून चिकटवायला गेले तर काहीच आले नाही. विम चालू असताना मात्र तेच नीट उतरते.

देवपूर, धुळे

तुमच्या उबुंटूवर एक्स11 (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारी जुनी व्यवस्था) असेल तर हे अपेक्षितच आहे. तिथे कॉपी करताना मजकूर कुठे मध्यवर्ती ठिकाणी जाऊन बसत नाही. ज्या प्रोग्रॅमने तो उचलला त्याच्याकडेच राहतो आणि दुसऱ्याने मागितला की त्या वेळी दिला जातो. देणारा उठून गेला की द्यायला कोणी उरत नाही. क्लिपबोर्ड मॅनेजर नावाचा छोटा प्रोग्रॅम चालू ठेवला तर तो उचललेल्या मजकुराची प्रत लगेच स्वतःकडे घेतो. तो बसवायचा नसेल तर मेलमध्ये ओळी उतरल्याचे डोळ्यांनी पाहूनच विम बंद करा.