फोटोतली मादी चिमुकल्या शिंजिराची वाटते

दापोलीच्या जास्वंदीवरच्या पक्ष्याचे फोटो टाकलेत, त्याला कुणी हमिंगबर्ड म्हटलंय, कुणी पंचरंगी शिंजीर. हा पक्षी हमिंगबर्ड नव्हे, ते फक्त अमेरिका खंडांतच. हा शिंजीर (सनबर्ड, फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी), पण पंचरंगी जातीचा वाटत नाही, चिमुकला शिंजीर या दुसऱ्या जातीची मादी वाटते. पंचरंगी साधारण १० सेंमी, चिमुकला जेमतेम ८. पण फोटोत मापाचा काय उपयोग?

नर ओळखणं सोपं: चिमुकल्याची पाठ भडक किरमिजी, पंचरंगीची तपकिरीकडे झुकणारी. विणीनंतर चिमुकला फिका पडतो, पंचरंगी मात्र बारमाही नटलेला. खरा घोळ माद्यांचा. चिमुकलीच्या शेपटीच्या बुडाशी लाल रंग असतो, तुमच्या दुसऱ्या फोटोत तो पुसटसा दिसतोय. पंचरंगीच्या मादीला तो नसतो, तिचा गळा पांढुरका. पाठमोरा फोटो असेल तर टाका ना, पिवळ्या पोटावरून काही ठरत नाही.