ओपन थीइझमवर तरुण संघात अभ्यास घ्यायचाय: वचनं कुठली, तर्क किती?

शाहूपुरीकर

सलाम मंडळी. कोल्हापुरात आमच्या चर्चच्या तरुण संघात पुढच्या महिन्यात ओपन थीइझमवर (भविष्य पूर्ण ठरलेलं नाही असं मानणाऱ्या ख्रिस्ती मतावर) दीड तासाचा अभ्यास ठेवलाय. वीस-पंचवीस जण असतील, बहुतेक कॉलेजचे. यूट्यूब बघून निम्म्यांचं मत झालंय की हे लोक देवाला अडाणी ठरवतात. उरलेल्यांना वाटतं, बायबल सरळ वाचणारे तेवढे हेच. वचनं कुठली घ्यावीत, तर्काचा भाग कसा मांडावा आणि चर्चा नेमकी कुठं भरकटते, ते सांगा. पाळकसाहेब बसणार आहेत आणि आमची परंपरा प्रेस्बिटेरियन, त्यामुळे वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे आमच्या पंथाचं श्रद्धेचं अधिकृत निवेदन, निघणारच.

मिरजकर_तिकटी

पहिल्यांदा व्याख्या फळ्यावर लिहा, नाहीतर दीड तास 'देव सर्वज्ञ आहे की नाही' यातच जाईल. ओपन थीइस्ट सर्वज्ञता नाकारत नाहीत. जाणण्याजोगं जे जे आहे ते सगळं देव जाणतो, हे त्यांना मान्य आहे. त्यांचं म्हणणं असं की माणसानं अजून न घेतलेला मुक्त निर्णय अजून ठरलेलाच नाही, मग तो ठरलेला म्हणून जाणणार कसा? म्हणजे भांडण देवाच्या ज्ञानापेक्षा भविष्यकाळाच्या स्वरूपावर जास्त आहे.

त्यांच्यातही एकमत नाही, हे पोरांना सांगाच. काही म्हणतात, मुक्त कृतीबद्दलचं 'अमुक होईल' हे विधान आज खरंही नाही आणि खोटंही नाही. काहींच्या मते 'होईल' आणि 'होणार नाही' ही दोन्ही आज खोटी, फक्त 'होऊ शकेल' तेवढं खरं. विल्यम हास्करसारखे ओपन थीइस्ट म्हणतात, विधान खरं असलं तरी ते आधी जाणणं तर्कानंच अशक्य. आणि देवानं आपणहून काही गोष्टी न जाणायचं ठरवलं, असंही एक मत आहे. शेवटचं मला सगळ्यात लंगडं वाटतं, पण ऐकायला गोड, म्हणून पोरं तेच उचलतात.

इतिहास पाच मिनिटांत उरका. 1994 साली पिनॉक, राइस, सँडर्स, हास्कर आणि बॅसिंजर या पाच जणांनी मिळून 'द ओपननेस ऑफ गॉड' काढलं, तिथून वाद पेटला. कल्पना मात्र जुनी: 16व्या शतकात सोसिनस आणि 19व्या शतकात अमेरिकन मेथडिस्ट मॅककेब हेच सांगत होते. 2001 मध्ये अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल थिऑलॉजिकल सोसायटीनं देवाचं भविष्यज्ञान संपूर्ण आहे असा ठराव 253 विरुद्ध 66 मतांनी केला. 2003 मध्ये पिनॉक आणि सँडर्स यांना काढून टाकायचा प्रस्ताव आला. त्याला दोन तृतीयांश मतं लागत होती. सँडर्सच्या विरोधात बहुमत होतं, पण तेवढं नव्हतं, त्यामुळे दोघंही राहिले.

प्रोसेस थिऑलॉजीशी गल्लत होऊ देऊ नका. त्या व्हाइटहेड-हार्टशोर्न या तत्त्वज्ञांच्या मांडणीत देव जगावर जबरदस्ती करूच शकत नाही. ओपन थीइस्ट शून्यातून निर्मिती, चमत्कार, पुनरुत्थान सगळं मानतात. देव हात घालू शकतो, पण बहुतेक वेळा घालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर्कट

तर्काचा भाग मिसळीवर करा, कोल्हापुरात दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही. समजा, सुनील उद्या सकाळी 8 वाजता मिसळ खाणार. पायरी 1: देवाला हे 1000 वर्षांपूर्वी माहीत होतं. पायरी 2: देवाचं ज्ञान चुकत नाही. पायरी 3: 1000 वर्षांपूर्वी जे होतं ते आज कुणाला बदलता येत नाही. निष्कर्ष: सुनीलला मिसळ टाळता येत नाही. टाळली तर एकतर देव चुकला, नाहीतर भूतकाळ बदलला. नेल्सन पाइक या तत्त्वज्ञानं 1965 मध्ये याच धर्तीवर मांडणी केली होती.

इथं एक जण हमखास उठून म्हणणार, 'माहीत असणं म्हणजे करायला लावणं नव्हे.' बरोबर आहे, पण ते उत्तर दुसऱ्याच युक्तिवादाचं. 'देवाला माहीत आहे, म्हणून होणारच' एवढंच कुणी म्हणालं तर ती सरळ चूक आहे. 'देवाला माहीत असेल तर घडेलच' हे अटळ असलं, तरी त्यातून 'घडणं अटळ आहे' असं निघत नाही. वरच्या मांडणीत ती चूक नाही. तिथं सगळा भार पायरी 3 वर आहे, भूतकाळ पक्का असण्यावर.

आता फळ्यावर प्रत्येक पंथाला एकेक पायरी खोडायला लावा. बोएथियस (6वं शतक) पहिली खोडतो: देव काळाच्या बाहेर आहे, त्याला 'आधी' नाहीच. अडचण अशी की संदेष्ट्याच्या तोंडून बोललेलं भाकीत काळातच असतं, मग पेच परत तिथंच. ऑकम (14वं शतक) तिसरीवर बोट ठेवतो: 'सुनील उद्या खाईल हे देवाला काल माहीत होतं' ही अस्सल भूतकाळातली गोष्ट नाही, तिचा एक पाय उद्यात आहे. जेसुइट धर्मपंडित मोलिना (1588) म्हणतो, कुठल्या परिस्थितीत कोण स्वेच्छेनं काय करेल हे देव निर्मितीच्या आधीच जाणतो. त्याला प्रश्न असा की जो प्रसंग कधी आलाच नाही, त्यातलं 'काय केलं असतं' खरं ठरवतं कोण? यावर जेसुइट आणि डॉमिनिकन हे दोन कॅथलिक संघ इतके भांडले की रोममध्ये 1598 ते 1607 सुनावणी चालली, आणि पोप पाचव्या पॉलनं निकाल न देताच ती गुंडाळली. कॅल्विनवादी (प्रेस्बिटेरियन त्यांच्यातलेच) निष्कर्ष बराचसा गिळतात, स्वातंत्र्याची व्याख्याच बदलतात: सुनील स्वतःच्या इच्छेनं खातोय ना, मग तो स्वतंत्र. ओपन थीइस्ट पहिली पायरीच काढून टाकतात.

जुना_करार

वचनांची एकतर्फी यादी देऊ नका, दोन्हीकडून ओढली जाणारीच घ्या.

1 शमुवेल 15 अख्खा वाचून घ्या, 35 ओव्या आहेत. 11 आणि 35 मध्ये शौलाला राजा केल्याचा देवाला पस्तावा होतो, आणि 29 मध्ये देव पस्तावा करायला काही मनुष्य नाही. एकाच अध्यायात! पारंपरिक बाजू 29 ला नियम मानते आणि 11 व 35 ला मानवी भाषा. ओपनवाले म्हणतात, 29 फक्त शौलाचं राज्य काढून घेण्याच्या निर्णयापुरतं आहे, तो आता फिरणार नाही. पोरांना संदर्भ वाचून ठरवू द्या.

उत्पत्ति 22:12 हे ओपनवाल्यांचं लाडकं वचन, आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात दुखरी जागा. अब्राहाम मुलाचा बळी द्यायला तयार होतो तेव्हा देव म्हणतो, 'आता मला कळले'. हे शब्दशः घेतलं तर अब्राहामाच्या मनात त्या घडीला काय आहे हे देवाला ठाऊक नव्हतं असं होतं. पण वर्तमान देव पूर्ण जाणतो, असं तेच सांगतात. ते उत्तर देतात की परीक्षेपर्यंत तो विश्वास पक्का झालाच नव्हता. ठीक. मग त्याच नियमानं उत्पत्ति 18:21 घ्या, जिथं सदोमात काय चाललंय ते देव खाली जाऊन बघणार म्हणतो. तिथं काय करणार?

उलट बाजूला मत्तय 26:34 काढा. येशू आधीच सांगतो की पेत्र त्याच रात्री, कोंबडा आरवण्याआधी, त्याला तीनदा नाकारणार. ओपन थीइस्ट ग्रेगरी बॉइड म्हणतो, पेत्राचा स्वभाव देवाला पुरता माहीत होता, त्यानं परिस्थिती जुळवली. पण तीनदा व्हायला दासींनी आणि उभ्या असलेल्या लोकांनीही नेमकं तेव्हाच विचारायला हवं. त्यांचं स्वातंत्र्य गेलं कुठं?

योना मात्र या वादात उगाच वापरला जातो. निनवे शहराला 40 दिवसांत नाशाचा इशारा आणि मग देवाची माघार, याचा नियम (लोक वळले तर देव बेत बदलतो) यिर्मया 18:7-10 मध्ये दिलाय आणि तो दोन्ही बाजूंना चालतो. कईलाचा प्रसंग (1 शमुवेल 23:9-13) त्यापेक्षा कामाचा: कईला गावात असलेला दावीद देवाला विचारतो, शौल येईल का, गावकरी मला धरून देतील का? दोन्हीला उत्तर 'होय'. दावीद निघून जातो आणि दोन्ही घडत नाही. मोलिनावाले हे वचन उचलून धरतात, ओपनवाले म्हणतात देवानं तेव्हाचे मनसुबे सांगितले.

शाहूपुरीकर

लय भारी, तिघांचे आभार. आता वेळेची विभागणी सांगा. आणि विश्वासांगीकाराचं काय? दुःखाचा प्रश्न घ्यावा का?

मिरजकर_तिकटी

व्याख्येला 15 मिनिटं, मिसळीला 20, वचनांना 35, प्रश्नांना 20. वचनं चारपेक्षा जास्त नकोत.

विश्वासांगीकारातल्या (1646) दोन जागा छापून न्या. अध्याय 3, कलम 2: कुठल्याही परिस्थितीत काय घडू शकेल ते देव जाणतो, पण पुढचं दिसलं म्हणून त्यानं काही ठरवलेलं नाही. हे ओपन थीइझमला तर अडवतंच, मोलिनालाही अडवतं. अध्याय 2, कलम 1 मध्ये देवाला शरीर, अवयव आणि विकार नाहीत असं आहे. ते दुसरंच प्रकरण आहे, भविष्यज्ञानात मिसळू नका. देवाला वेदना होतात असं मानणारा माणूस देवाला सगळं भविष्य माहीत आहे असंही मानू शकतो.

दुःखाचा प्रश्न घ्या, पण ओपन थीइझमनं तो सुटतो असं भासवू नका. आंबा घाटात ट्रकचे ब्रेक निकामी झालेत, खालून एसटी येतेय. पुढचं ठरलेलं नाही असं धरलं, तरी ब्रेक आणि एसटी दोन्ही देवाला आत्ता दिसतायत. 'हे देवानं योजलं होतं' असं म्हणावं लागत नाही, एवढं त्यांच्या पदरात पडतं. 'मग थांबवलं का नाही?' हे त्यांनाही चुकत नाही.

जुना_करार

एक राहिलं. हिज्कीया राजाचा प्रसंग (यशया 38) कुणीतरी काढणारच: 'तू मरणार' असा निरोप, मग प्रार्थना, मग आयुष्यात 15 वर्षं वाढ. त्यापुढं 2 राजे 21:1 उघडायला सांगा. हिज्कीयानंतर मनश्शे गादीवर आला तेव्हा 12 वर्षांचा होता. साधा हिशेब केला तर तो वाढीव 15 वर्षांतच जन्मला, आणि मत्तय 1:10 मध्ये येशूच्या वंशावळीत त्याचं नाव आहे. बाप-लेकांनी काही वर्षं एकत्र राज्य केलं असं मानणारे अभ्यासक हा हिशेब मान्य करत नाहीत, तेही सांगा. पण पहिला निरोप खराखुरा निर्णय होता असं ज्याचं मत असेल, त्याला विचारा की वंशावळ पुढं कुणाच्या नावानं चालली असती.