राखी बांधली, तक्रार मिटली?

(एका ऑनलाइन धाग्यावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मधली सुट्टी

नववीतल्या मुलीनं वर्गशिक्षिकांकडे तक्रार केली. वर्गातला एक मुलगा जिन्यात वाट अडवतो, अंगावरून घाणेरडं बोलतो, आणि मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकून इतरांकडून 'मार्क' मागतो. मुख्याध्यापकांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं, त्याला सॉरी म्हणायला लावलं आणि शिपायाकडून राखी आणवली. तिनं ती बांधली. विषय संपला.

मुलगी माझी भाची. शाळेचं नाव लिहिणार नाही, लिहिलं तर ती ओळखू येईल.

हा राखीचा तोडगा बंदच व्हायला हवा, असं माझं मत. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं विनयभंगाच्या आरोपीला जामीन देताना तक्रारदार बाईकडून राखी बांधून घ्यायची अट घातली होती. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि असल्या तडजोडी सुचवू नका, असं खालच्या न्यायालयांना बजावलं. जे न्यायाधीशांना चालत नाही ते मुख्याध्यापकांना कसं चालतं?

बापमाणूस

दादा, राग समजतो. पण मुलगा चौदा वर्षांचा आहे. या वयात पोरं वाह्यात बोलतात, आपणही काही धुतल्या तांदळाचे नव्हतो. राखी तुम्हाला जुनाट वाटते, ठीक. दुसरं काय करायचं, पोलीस? पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लावून त्याचं आयुष्य नासवायचं? आणि आमच्या तालुक्यात बोभाटा झाला की पहिला घाव मुलीवरच पडतो. आधी शाळा बंद, मग स्थळं बघायला सुरुवात. राखीनं निदान ती शाळेत तरी राहते.

रानजाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, म्हणून बापमाणूस यांचा शेवटचा मुद्दा मला पटतो. मुली याच भीतीनं घरी सांगत नाहीत. पण त्यावर उपाय राखी कसा? तिला 'भाऊ' मानायची जबाबदारी दिली, म्हणजे पुन्हा त्रास झाला तर तक्रार करायचं तोंडही बंद.

मुली तोंडानं सांगत नाहीत, वागण्यातून सांगतात. दिवसभर पाणी प्यायचं नाही, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाकडे जाताना मुलांचा घोळका लागतो. पीटीच्या तासाला दर आठवड्याला पोट दुखतं. एप्रिलच्या उन्हात अंगावर जॅकेट. चांगली सायकल चालवणारी पोर अचानक वडिलांना सोडायला ये म्हणते. मैत्रिणीशिवाय फळ्यापर्यंतही यायला तयार नसते. यातली एखादी गोष्ट दिसली म्हणून निष्कर्ष काढू नका, दोन-तीन एकत्र दिसल्या की एकटीला गाठून विचारा. सगळ्यांसमोर नाही. आणि 'तू काय केलं होतंस?' हा प्रश्न तर नाहीच.

मुलग्यांनाही हे भोगावं लागतं, तेही या धाग्यात यायला हवं. कबड्डीच्या मैदानावर चड्डी ओढणं, मोबाइलवर शूटिंग करणं, बायकी म्हणून हात लावणं. तो पोरगा हसतो, म्हणून आपण त्याला मस्ती समजतो. हसला नाही तर उद्या दुप्पट होईल, हे त्याला माहीत असतं.

तिसरी घंटा

निवृत्त मुख्याध्यापक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मार्च २०२२ च्या शासन निर्णयानं प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराचं प्रकरण घडलं, तेव्हा तक्रारपेटी, सीसीटीव्ही, समिती यांची पुन्हा आठवण करून दिली गेली. (तिथला आरोपी प्रौढ कर्मचारी होता. मुलामुलांतल्या त्रासाला तोच साचा लावणं मला कधी पटलं नाही.) समिती कागदावर बसते. समुपदेशक कुठे आहे? शिक्षकांच्या जागा रिकाम्या, त्यात निवडणुकीचं काम. अशा वेळी दोन्ही घरांना झेपेल तेच मुख्याध्यापक करतो. राखी आणणारा माणूस दुष्ट नसतो, त्याला घाम फुटलेला असतो.

काळा कोट

सर, घाम फुटला तरी कायदा बदलत नाही. वारंवार पाठलाग, लैंगिक हेतूनं शेरे किंवा हावभाव, हे सगळं पॉक्सोच्या कलम ११ मध्ये येतं. खऱ्या किंवा बनावट चित्रांची धमकीही त्यातच. शिक्षा ३ वर्षांपर्यंत. हेतू होता की नाही हे तथ्यावरून ठरतं, म्हणून 'तू मला आवडतेस' एवढीच चिठ्ठी आणि रोज जिन्यात वाट अडवणं यांत फरक आहे. गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं कलम १९ नुसार प्रत्येकावर बंधनकारक. लपवलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या अत्याचाराच्या प्रकरणात, माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. मधली सुट्टी, हे बंधन मामालाही लागू आहे.

बापमाणूस, तुमची भीती अर्धीच खरी. आरोपी १८ वर्षांखालचा असेल आणि गुन्हा घृणास्पद वर्गात (किमान सात वर्षांची शिक्षा असलेल्या) येत नसेल, तर बाल न्याय नियमांप्रमाणे एफआयआर होत नाही. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जातो आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे येतं. मंडळ समज देऊ शकतं, समुपदेशनाला पाठवू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं. त्यावरून पुढे नोकरीला अपात्र ठरवता येत नाही.

बापमाणूस

कोट साहेब, पुस्तकात असं आहे. आमच्या ठाण्यातल्या हवालदाराला दैनंदिनीचा नियम माहीत आहे का? तो पोराला बाकड्यावर बसवून बापाला फोन करणार. आणि खोटी तक्रार निघाली तर?

काळा कोट

हवालदाराचं बरोबर बोललात. म्हणून थेट ठाण्यात जाण्याऐवजी आधी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा, किंवा विशेष बाल पोलीस पथकाचा अधिकारी मागा. खोट्या तक्रारीबद्दल मोठ्यांना शिक्षा आहे. मुलाला किंवा मुलीला नाही, कलम २२ तसं स्पष्ट सांगतं.

खोडरबर

वर्गावर्गात कॅमेरे लावा, काम फत्ते.

रानजाई

कॅमेऱ्याला शेरे ऐकू येत नाहीत आणि तो व्हॉट्सॲपमध्ये शिरत नाही. मधल्या सुट्टीत जिन्यावर एक शिक्षक उभा करा, फुकटात होतं.

सर, कळवायचं ते कळवून शाळेच्या हातात बरंच उरतं. दोन्ही घरच्यांना वेगवेगळं बोलवा. मुलीच्या आईला आधीच सांगा की चूक तिची नाही आणि शाळा सोडवायची गरज नाही. बाक बदलायचा तर त्याचा. आणि समितीच्या वहीत तारखेसह लिहा.

तिसरी घंटा

ताई, वहीत लिहिलं की कागद तयार होतो आणि संस्थाचालकांना नेमका तोच नको असतो. खरी अडचण ती.

मधली सुट्टी

म्हणूनच कागद मी देतो. १०९८ ला आज फोन करतोय. शाळेला अर्ज उद्या, पोच घेऊन. प्रकरण समितीपुढे ठेवा आणि मुलाला दुसऱ्या तुकडीत हलवा, असं लिहिलंय. बापमाणूस, तुमचा यालाही विरोध असेल.

बापमाणूस

आहेच. तुकडी बदलून तिथल्या मुलींच्या गळ्यात मारणार का? त्याच्याशी कुणी नीट बोललंय का अजून? आणि ग्रुपवर मार्क देणारी बाकीची पोरं अर्जात आहेत की नाही?

मधली सुट्टी

नाहीत. घालतो. तुकडीचा मुद्दा मात्र सोडणार नाही.