एकाच ओढ्याचे पात्र कुठे भरते, तर कुठे खचते, असे का?

प्रश्न
कात्रजच्या डोंगरातून निघून सहकारनगर, दांडेकर पूल या भागांतून मुठेला मिळणाऱ्या पुण्यातील आंबील ओढ्याजवळ मी राहतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला आलेल्या पुरात सोसायट्यांच्या सीमाभिंती कोसळल्या, आणि तेव्हापासून मी पात्राकडे लक्ष देऊन पाहू लागलो. बांधकामे चालू असलेल्या भागात पात्र मातीने भरत चालले आहे, तर जुन्या वस्तीजवळ काठ खचत आहेत. एकाच ओढ्यात अशा उलट गोष्टी कशा घडतात?

प्रतिसाद १
दोन्ही गोष्टी शहरवाढीमुळेच घडतात, फक्त तिच्या वेगवेगळ्या टप्प्यांत. अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील ओढ्यांवरून गॉर्डन वोलमन यांनी १९६७ मध्ये हा क्रम मांडला होता. बांधकामासाठी जमीन उकरली जाते तेव्हा पावसाबरोबर इतकी माती येते की ती ओढ्याला वाहून नेता येत नाही आणि तळ उंचावतो. पुढे इमारती, रस्ते आणि गटारे पूर्ण झाली की माती येणे कमी होते. मात्र पूर्वी जमिनीत मुरणारे पाणी आता थेट आणि एकदम ओढ्यात उतरते. गाळ कमी आणि जोर जास्त असलेले हे पाणी तळ व काठ कुरतडते, आणि वाढलेला प्रवाह सामावेपर्यंत पात्र मोठे होत राहते.

प्रतिसाद २
वरील विवेचनाला पुण्यापुरती एक जोड देतो. आपल्याकडे अनेक ओढ्यांत थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. तिथे तळ सहजासहजी खोल जात नाही आणि पाण्याचा जोर मुरूम-मातीच्या काठांवर येतो. काठाचा पायथा नीट पाहावा. तिथली माती आधी पोखरली जाते, वरचा थर काही काळ पुढे झुकून राहतो, आणि पुष्कळदा पाणी उतरल्यावर, भिजून जड झालेला आणि पाण्याचा आधार गेलेला तो थर कोसळतो. म्हणून पूर ओसरला तरी काही दिवस मुलांना काठावर जाऊ देऊ नये, ही कळकळीची विनंती.

धागाकर्ता
आभारी आहे. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती बांधल्यास हे थांबेल का?

प्रतिसाद १
तेवढ्या पट्ट्यात थांबेल. परंतु भिंतींमुळे पात्र अरुंद आणि गुळगुळीत झाले की पाण्याचा वेग वाढतो, आणि भिंत संपते तिथला काठ खचू लागतो. भिंत अपरिहार्यच असेल, तर ती पात्रात पुढे न आणता मागे घ्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वरच्या बाजूच्या बांधकामांची माती जागेवरच अडवली पाहिजे आणि छतांचे पाणी शक्य तितके जमिनीत जिरवले पाहिजे.