डेटाचा वापर वाढला, उत्पन्न का नाही?

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): जगभर मोबाइल डेटाचा वापर अनेक पटींनी वाढूनही दूरसंचार कंपन्यांचे दरडोई उत्पन्न त्या प्रमाणात का वाढत नाही, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

उत्तर (सातपूर): मासिक पॅकची रक्कम ठरलेली असल्याने ग्राहकाने दुप्पट व्हिडिओ पाहिले तरी बिल तेवढेच राहते, शिवाय एसएमएस आणि परदेशी कॉलचे उत्पन्न व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवांनी गिळले, आणि युरोपीय संघाने तर जून २०१७ मध्ये सदस्य देशांतील रोमिंगचे जादा शुल्कच बंद केले.

उत्तर (नाशिक रोड): आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर डेटा स्वस्त झाला आणि वापर उसळला, उत्पन्न मात्र मुख्यतः जुलै २०२४ सारख्या दरवाढींमुळेच हलते.

प्रश्नकर्ता: म्हणजे फाइव्ह-जीच्या मनोऱ्यांचा खर्चही आमच्याच रिचार्जमधून वसूल होणार तर!