'देअर विल बी ब्लड' : अभिनय की नुसता आरडाओरडा?

रंकाळा_वारा :
काल इथं एकानं निकाल लावून टाकला : "डॅनियल डे-लुईसला ऑस्कर मिळालं ते ओरडल्याबद्दल. प्लेनव्ह्यू म्हणजे मिशी लावलेला आरडाओरडा." दोन ओळींत माणूस संपवलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

सिनेमा २००७ चा, प्लेनव्ह्यू म्हणजे त्यातला तेलाच्या विहिरी खणणारा माणूस, डे-लुईसचं पात्र. गोष्ट सुरू होते १८९८ ला. चांदीच्या खाणीत एकटा माणूस वरून पडतो, पाय मोडतो. पंधराएक मिनिटं संवाद नाही. तिथून पुढं १९२७ पर्यंत तो लंगडतो. जमीन बघायला जातो तेव्हाही, म्हातारपणी दारू पिऊन झुलतो तेव्हाही. ओरडणारा नट पहिला विसरतो तो असला पाय.

आता विहीर पेटते तो प्रसंग. गॅसच्या धडाक्यात त्याचा पोरगा बहिरा झालाय, आणि हा तोंडाला तेल फासलेला, आगीकडं बघत. जोडीदाराला विचारतो, तोंड का पाडलंस, पायाखाली तेलाचा समुद्र आहे. तो विचारतो, पोरगा बरा आहे का? "नाही." झालं. आवाज चढला कुठं?

तिसरी_घंटा :
पाय मान्य. आवाजाचं बोला. जुना अमेरिकन दिग्दर्शक-नट जॉन ह्यूस्टन, त्याच्या वळणावर बसवलेला आवाज, प्रत्येक शब्दाखाली रेघ मारल्यासारखा. १९११ नंतर माणूस कमी आणि तो आवाजच जास्त ऐकू येतो. पॉल डॅनो दोन्ही भाऊ करतो, तेलाची खबर विकणारा पॉल आणि चर्चमधला उपदेशक ईलाय, त्याचं कुणाला काही नाही. शेवटी बोलिंग ॲलीत मिल्कशेकवर किंचाळणं म्हणजे पडदा पडायच्या आधी टाळी मागणं.

पेंटर_गल्ली :
पंधरा मिनिटं मुकी म्हणून एवढं कौतुक! कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ ला 'सावकारी पाश' अख्खा मुका काढला, शेतकरी व्ही. शांताराम. हाव, जमीन, कागदावरची सही, सगळं त्यात आलं.

रंकाळा_वारा :
पेंटरांकडं तेव्हा आवाजाचं तंत्रच नव्हतं. इथं असून गप्प ठेवलाय. फरक आहे.
@तिसरी_घंटा, चर्चमधला बाप्तिस्मा परत बघा. तेलाच्या पाइपलाइनला बॅण्डी नावाच्या शेजारच्या मालकाची जमीन हवी, त्याची अट ही की चर्चमध्ये पापं धुऊन घ्यायची. ईलाय वदवतो, "मी माझं पोर टाकलं." आधी पुटपुट, मग खेकसणं, मग एकदा खरंच फुटतं. थपडा खातो, आणि सगळं झाल्यावर हळूच पाइपलाइनचं नाव घेतो. ह्यात कुठली पट्टी एकसुरी?

साडेसहा_इंची :
मिल्कशेकचा विषय निघालाच आहे तर सांगतो. प्लेनव्ह्यू ईलायला सांगतो ना, माझा स्ट्रॉ लांबून तुझ्या पेल्यात पोचतो आणि तुझा मिल्कशेक मीच पितो, म्हणजे शेजारच्या जमिनीखालचं तेल मीच उपसलं, ते स्ट्रॉचं उदाहरण ऐकून आपल्याकडं जो तो शेजाऱ्याच्या बोअरवर संशय घेतोय. तिथं तेल वाळूच्या दगडात, बारीक भोकांत, दाबाखाली. भोवतीनं विहिरी पाडल्या की मधल्या बॅण्डीच्या रानातलं तेल सरकत येणारच. तिकडं तेव्हा नियमही 'जो उपसेल त्याचं'. आपल्याकडं काळा बेसाल्ट. वर मुरूम, खाली अखंड पाषाण. मुरूम संपेपर्यंत केसिंग, म्हणजे भोकात बसवलेला पाइप, पुढं मोकळा बोअर. फट लागली तर पाणी, नाहीतर दोनशे फुटांवरही धूळच. शेजाऱ्याला दोन इंची पाणी आणि तुमचा कोरडा, ह्यात चोरी नाही.

ऊसवाला_करवीर :
आन् फट एकच आसली म्हंजे? नवा बोअर मारताना जुन्या बोअरमधनं हवा फसफसती, गढूळ पानी उडतंय, ते कशानं? मग खोल मोटर ज्येची त्येचं पानी. स्ट्रॉच की ह्यो!

साडेसहा_इंची :
हवा आली तर दोन्ही जोडलेले, तेवढं मान्य. पण आधी मोजा. स्वतःची मोटर रात्रभर बंद, सकाळी वजन बांधलेली टेप सोडून पातळी बघा, मग शेजाऱ्याची मोटर चालू करायला लावा आणि दर पंधरा मिनिटांनी परत मोजा. उतरली तर जोड आहे. नाही उतरली तर तुमचाच बोअर कमजोर. आणखी एक, केसिंग मुरमातच अर्धवट सोडलं की वरचं पाणी त्याच भोकातून खालच्या फटीत गळतं. आटते ती शेजारची जुनी विहीर, आणि शिव्या पडतात पावसाला.

ऊसवाला_करवीर :
म्हंजे माझ्या हिरीचं पानी दुसऱ्याच्या भोकातनं खाली जातंय, आन् तरी चोरी न्हाई?

साडेसहा_इंची :
१८८२ च्या सुखाधिकार कायद्यानं स्वतःच्या जमिनीखालचं पाणी काढायचा हक्क मालकाला आहे. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यात साठ मीटरच्या पुढं खोल विहीर धरतात. बघा तुमचा किती आहे.

ऊसवाला_करवीर :
माझा इचारू नगासा.

तिसरी_घंटा :
अहो धागा अभिनयाचा आहे, पाणाड्यांचा नाही!

ऊसवाला_करवीर :
अभिनयच बोलतोय. प्लेनव्ह्यू लावा पाखरं मारायला आलोय म्हणून सांगतोय आन् रान बघतोय. वर म्हंतोय, तेलाचा भाव न्हाई, पाखरांचा भाव देतो. हे बोलताना कुठं वरडलाय सांगा. गोड बोलून सही घेणारा मानूस आसाच आस्तोय, त्येला किंचाळावं लागत न्हाई.

रंकाळा_वारा :
हेच म्हणतोय! आणि शेवटी ईलायला सांगतो, पॉलला दहा हजार रोख दिले. आपल्या डोळ्यांसमोर ठरले ते ५०० डॉलर. किंचाळतोय तो माणूस आकडाही फुगवून सांगतोय, नट नाही फुगत.

तिसरी_घंटा :
५०० चं डोक्यातून गेलं होतं. बरं, बोलिंग ॲली तुमची, घरी घेऊन जा. आवाज ह्यूस्टनचाच.

साडेसहा_इंची :
आणि फटीचं?

ऊसवाला_करवीर :
टेप आनलीया. शेजारी मोटर लावंना.