रविवारच्या फोनवर मुलगा ‘मला घरी घेऊन चला’ म्हणतो, तेव्हा आईवडिलांनी काय बोलावे?

कोरेगावची आई

नमस्कार. माझा मुलगा महिन्याभरापूर्वी अग्निवीर म्हणून बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये दाखल झाला. त्याला अजून 18 वर्षे पूर्ण झालेली नाहीत, त्यामुळे भरतीच्या कागदांवर पालकांची सही लागली. ती सही करताना माझा हात अडखळला नाही, कारण दोन वर्षे पहाटे चारला उठून गावाबाहेरच्या रस्त्यावर धावणारा मुलगा मी रोज पाहत होते. आमच्या दोन्ही घरांत यापूर्वी कोणी फौजेत गेलेले नाही. त्याचे वडील साखर कारखान्यात कामाला आहेत.

सुरुवातीला फोन आलाच नाही. तिसऱ्या रविवारी आला तो पाच-सहा मिनिटांचा, आणि त्यातली निम्मी मिनिटे तो रडत होता. नडगी दुखते, पायाला फोड आले आहेत, झोप पुरत नाही, उस्ताद (प्रशिक्षक) दिवसभर ओरडतात, ‘आई, मला इथून घेऊन चला’ असे तो म्हणाला. मला काही सुचेना. त्याच्या वडिलांनी फोन घेतला, ‘गावात आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवणार आहेस की नाही?’ एवढे विचारले आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर आम्हा दोघांत नीट बोलणे झालेले नाही. गावाने त्याला हार घालून, गुलाल उधळून निरोप दिला होता, हे त्यांच्या मनातून जात नाही, हेही मला समजते.

त्यातच गेल्या आठवड्यात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. मी अंगणवाडीत नोकरीला असल्यामुळे या मुलाला त्यांनीच वाढवले आहे. उजवा हात चालत नाही आणि बोलणे अस्पष्ट झाले आहे. ही बातमी त्याच्यापासून लपवावी, असे सगळे नातेवाईक सांगतात. बेळगाव आमच्यापासून चार-पाच तासांच्या अंतरावर आहे. येत्या रविवारी आम्ही तिथे जाऊन त्याला भेटावे का? फोनवर नेमके काय बोलावे? आणि आजीच्या आजारपणाचे त्याला सांगावे की नाही? ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त सुभेदार, मिरज

ताई, मी स्वतः रंगरूट होतो आणि पुढे तीन वर्षे एका सेंटरमध्ये उस्ताद म्हणूनही काम केले, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

अग्निवीरांचे प्रशिक्षण एकूण 31 आठवड्यांचे असते. त्यातील पहिले 10 आठवडे मूलभूत लष्करी प्रशिक्षणाचे आणि पुढचे 21 प्रगत प्रशिक्षणाचे. आपला मुलगा आज त्या पहिल्या दहांच्या मध्यावर आहे आणि माझ्या अनुभवात तिसरा ते पाचवा आठवडा हा सर्वांत जड असतो. पहिला पंधरवडा नवेपणात जातो: केस कापले जातात, वर्दी आणि बूट मिळतात, नवे सोबती भेटतात. नंतर नवेपण ओसरते, अंगात थकवा साठलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. पहाटे उठून अंथरुणाची घडी, दाढी, फॉल-इन म्हणजे रांगेत हजर होणे, पीटी, नाश्ता, मग ड्रिल, हत्यारांचे शिक्षण, दुपारनंतर पुन्हा मैदान आणि रात्री गिनती म्हणजे हजेरी, अशा दिवसात मुलाला रडायला जागाच नसते. ती जागा त्याला रविवारच्या पाच मिनिटांत सापडते. आपण ऐकले ते त्या आठवड्यातील सर्वांत दुबळे पाच मिनिट होते. बाकीचा आठवडा तो उठला, धावला, जेवला आणि सोबत्यांबरोबर हसलाही असेल, पण ते आपल्याला ऐकू येत नाही. रविवारी फोनवर रडलेली मुले सोमवारी सकाळी मैदानात सर्वांच्या पुढे धावताना मी अनेकदा पाहिली आहेत.

आपल्या यजमानांना माझा नमस्कार सांगा आणि एक गोष्ट माझ्या नावाने सांगा. ‘तोंड दाखवायला जागा’ हे वाक्य मुलाला टिकवून धरत नाही, ते त्याला खोटे बोलायला शिकवते. पुढच्या रविवारी तो ‘सगळे ठीक आहे’ म्हणेल आणि नडगीचे दुखणे घरीही सांगणार नाही, उस्तादालाही सांगणार नाही. असा मुलगा आम्हाला उस्ताद म्हणून सर्वांत अवघड जाई, कारण तो कोसळेपर्यंत काही कळत नसे.

न कळवता भेटायला जाऊ नका. भेट परवानगीनेच होते, आणि आईवडील फाटकाबाहेर उभे आहेत एवढे कळले तरी मुलाचे मन आठ दिवस जागेवर राहत नाही. परत आणण्याविषयी म्हणाल, तर अग्निपथ योजनेच्या अटींनुसार मुदत पूर्ण होण्यापूर्वी स्वतःच्या इच्छेने सेवा सोडता येत नाही, केवळ अत्यंत अपवादात्मक परिस्थितीत सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने मुक्तता मिळते. म्हणून ‘बघू, आणू तुला’ असे आश्वासन प्रेमापोटीसुद्धा देऊ नका. ते पाळणे आपल्या हातात नाही, आणि मुलगा मात्र त्या आश्वासनाकडे डोळे लावून बसेल.

आजीची बातमी सांगा. माझ्या प्लाटूनमध्ये एक मुलगा होता, ज्याच्या घरच्यांनी आजोबांचे निधन दोन महिने लपवले. शेवटी गावच्या मित्राच्या तोंडून त्याला ते कळले. त्यानंतर घरून ‘सगळे ठीक आहे’ असा निरोप आला की तो मुलगा रात्रभर जागा राही. सांगताना दोन गोष्टी पाळा. फोनच्या शेवटच्या मिनिटाला सांगू नका, आणि जेवढे घडले तेवढेच सांगा: झटका कधी आला, दवाखान्यात कोण आहे, आज प्रकृती कशी आहे. प्रकृती गंभीर झाली, तर प्रशिक्षण कंपनीच्या अधिकाऱ्यांना डॉक्टरांच्या कागदासह पत्राने कळवा. सुट्टीचा निर्णय त्यांचा असेल, परंतु बातमी पोहोचली म्हणजे निदान त्या मुलावर लक्ष ठेवले जाते.

फिजिओथेरपिस्ट, पुणे

मी फक्त नडगीविषयी लिहिते, कारण मूळ प्रश्नातील ती एक ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. भरतीपूर्व अकॅडमीतून आलेली अनेक मुले मी तपासली आहेत. त्यांची सगळी तयारी 1600 मीटर साडेपाच मिनिटांत कापण्यासाठी झालेली असते, तीही हलक्या बुटांत. सेंटरमध्ये तीच मुले जड बूट घालून ड्रिलमध्ये दिवसातून शेकडो वेळा टाच आपटतात, पाठीवर वजन घेऊन चालतात आणि लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळतात. स्नायू हा बदल लवकर स्वीकारतात, हाडाला मात्र वेळ लागतो. वाढलेल्या भाराला तोंड देताना हाड आधी जुना थर काढून टाकते आणि नंतर नवा, भक्कम थर भरते. या मधल्या काळात, म्हणजे साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ते तात्पुरते दुबळे असते. सुभेदार साहेबांनी मनाविषयी जे आठवडे सांगितले, ते हाडांच्या बाबतीतही जवळपास तेच आहेत.

नडगीच्या आतल्या कडेने बोटभर-वीतभर पसरलेले, धावायला लागल्यावर सुरू होणारे आणि विश्रांतीने कमी होणारे दुखणे बहुधा हाडावरील आवरणाच्या आणि स्नायूंच्या ताणाचे असते. परंतु एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा त्या पायावर एक उडी मारणे अशक्य होत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घेतलीच पाहिजे. फोनवर त्याला हे तीन प्रश्न विचारा. एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर त्याच दिवशी एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, जायला सांगा. चीर वेळेत लक्षात आली तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येते. लपवून धावत राहिले तर हाड पूर्ण मोडू शकते आणि मग महिने जातात. घरून वेदनाशामक गोळ्या, मालिशची तेले किंवा ताकदीची पावडर पाठवू नका. गोळीने दुखणे दबते आणि मुलगा चिरलेल्या हाडावर धावत राहतो.

गुहागरहून

माझी मुलगी नौदलात अग्निवीर आहे आणि तिचे सुरुवातीचे प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्का येथे झाले. तिथे मुलींची पहिली तुकडी मार्च 2023 मध्ये प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. माझी मुलगी त्यानंतरच्या तुकडीतली. बेळगावला आपल्या मुलाच्या कानावर निदान मराठी पडते. माझ्या मुलीला पहिले कित्येक दिवस मराठी बोलणारे कोणी भेटले नाही आणि हिंदीत रडता येत नाही, असे ती एकदा म्हणाली.

मी चुका केल्या, त्या सांगते. पहिल्या फोनवर मी ‘जेवलीस का, झोपलीस का, आजारी नाहीस ना’ असे विचारत सुटले आणि प्रत्येक प्रश्नागणिक ती अधिक रडत गेली. नंतर मी प्रश्न बदलले. या आठवड्यात नवे काय शिकलीस, शेजारच्या खाटेवरची मुलगी कोणत्या गावची आहे, असे विचारू लागले. ज्या रविवारी तिला पोहण्याच्या चाचणीविषयी सांगायचे होते, त्या रविवारी ती रडलीच नाही, कारण सांगण्यासारखे काहीतरी तिच्याजवळ होते.

दर गुरुवारी मी पत्र लिहीत असे. पत्रात उपदेश नसायचा. घरच्या बारीकसारीक गोष्टी असायच्या: काजूला मोहोर किती आला, कोणत्या होडीला काय मासळी लागली, धाकट्याने शाळेत काय केले. फोन संपतो, पत्र मात्र उशीखाली राहते. तिच्या पेटीत ती सगळी पत्रे आजही आहेत.

पगाराचा विषय मात्र काढू नका. पहिल्या वर्षी 30,000 रुपयांपैकी 9,000 सेवानिधीत, म्हणजे मुदतीअखेर मिळणाऱ्या रकमेत, जातात आणि 21,000 हाती येतात, हे सगळ्या गावाला पाठ असते. आमच्या घरात तिच्या पहिल्या पगारातून काय घ्यायचे याची चर्चा ती चिल्काला पोहोचण्याआधीच सुरू झाली होती. फोनवर तिच्या काकांनी तो विषय काढला आणि ती एकदम गप्प झाली. आपण घरची आहोत की घरासाठी पाठवलेली आहोत, असा प्रश्न तिला पडला होता, हे तिने पुढे वर्षभराने सांगितले.

सुभेदार साहेबांच्या लिहिण्यात एक भर घालते. मी तिच्याबरोबर फोनवर रडले आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आईने दगडासारखे राहावे असे मला वाटत नाही. रडून झाल्यावर ‘आता पुढच्या रविवारी बोलू’ एवढे स्थिर आवाजात म्हणता आले पाहिजे.

एक वडील, बीड

मी हे ताईंच्या यजमानांसाठी लिहीत आहे. माझा मुलगा प्रशिक्षणात मागच्या बॅचमध्ये टाकला गेला. त्याला तिथे रेलिगेट होणे म्हणतात. कारण पायाचेच होते. तो दुखणे लपवून धावत राहिला, कारण जाताना मीच त्याला ‘हात हलवत परत येऊ नकोस’ असे म्हणालो होतो. तो मागे पडल्याचे कळल्यावर मी चार दिवस गावातल्या पारावर गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो, तेव्हा कोणी विचारलेसुद्धा नाही, कारण लोक आपापल्या पिकांच्या काळजीत होते. पुढच्या बॅचबरोबर त्याने कसम घेतली, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या परेडमध्ये शपथ घेतली. त्या दिवशी आईवडिलांना गौरव पदक देतात. ते पदक छातीवर लावले जात असताना माझ्या मनात अभिमानाआधी लाज आली, कारण ज्या पायाविषयी मी एकदाही विचारले नव्हते, त्याच पायाने तो माझ्यासमोर ड्रिल करत होता. दादा, पुढच्या फोनवर आधी पायाचे विचारा.

कोरेगावची आई

आपणा सर्वांचे उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. बीडच्या दादांचे लिहिणे वाचून झाल्यावर हे उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने आत आले.

काल रविवारी फोन आला. ह्यांनीच उचलला आणि पहिला प्रश्न पायाचा विचारला. पलीकडून काही क्षण आवाजच आला नाही. मग फिजिओथेरपिस्ट ताईंचे तीन प्रश्न मी कागदावरून वाचले. एका जागी बोट ठेवले की कळ येते, असे तो म्हणाला. आज सकाळी एमआय रूममध्ये जाण्याचे त्याने कबूल केले आहे. आजीचे सुरुवातीलाच सांगितले. तो रडला, पण ‘घेऊन चला’ म्हणाला नाही. कोणता हात गेला आहे, एवढेच त्याने दोनदा विचारले. सासूबाईंच्या कानाशी फोन धरला. त्यांना शब्द जुळवता आले नाहीत, तरी त्याला ऐकू येईल असा आवाज त्यांनी काढला आणि तो ‘हो आजी, हो आजी’ म्हणत राहिला.

आज पहिले पत्र टाकले. आता एकच विचारायचे आहे. सासूबाई तोपर्यंत थोड्या सावरल्या, तर त्यांना चाकांच्या खुर्चीवरून कसम परेडला नेता येईल का?

निवृत्त सुभेदार, मिरज

जरूर विचारा. परेडच्या आधी येणाऱ्या नातेवाइकांची नावे कळवायची वेळ येईल, तेव्हा त्यांचे नाव घाला आणि खुर्ची लागेल हे त्याच पत्रात स्पष्ट लिहा. आदल्या दिवशी बेळगावात मुक्काम करा. परेड सकाळी लवकर असते आणि त्यांना पहाटेचा प्रवास सोसणार नाही. सावलीसाठी छत्री आणि पाणी बरोबर ठेवा, आणि एमआय रूममध्ये काय सांगितले ते इथे अवश्य कळवा.